आठवणींवरचा विश्वास आणि त्याची फसगत : एक पार्श्वभूमी

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणारे, लेखकाने पदरमोड करून छापलेले एक पातळसे पुस्तक मी शाळेत असताना तालुक्याच्या वाचनालयातून आणले होते. निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार गावावर चालून आले त्या रात्री लेखक ओढ्याच्या कपारीत बंदुका दडवत होता, असे वर्णन त्यात होते आणि ते मी लागोपाठ दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी समासातली शिसपेन्सिलीची ओळ दिसली : ‘या महिन्यात आपण सोलापुरास गिरणीत होता.’ त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात एकच शब्द होता : ‘कशावरून?’ ते पुस्तक मला पुन्हा उघडवले नाही.

कादंबरी पटली नाही तर वाचक ती मिटून ठेवतो; आठवणी खोट्या निघाल्या की मात्र आपण त्या माणसासाठी हळहळलो याचीच लाज वाटू लागते. अमेरिकेतल्या वाचकांनी तर या लाजेचा मोबदला रोख मागितला. जेम्स फ्राय यांचे व्यसनमुक्तीवरचे ‘अ मिलियन लिटल पीसेस’ हे पुस्तक २००३ मध्ये आले, २००५ मध्ये ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात त्याची शिफारस केली आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. जानेवारी २००६ मध्ये एका शोधपत्रकारितेच्या संकेतस्थळाने पोलिसांची कागदपत्रे काढून दाखवले, की जवळजवळ तीन महिन्यांचा म्हणून रंगवलेला तुरुंगवास प्रत्यक्षात काही तासांचा होता. पुढे प्रकाशकाशी तडजोड झाली आणि पैसे परत हवे असलेल्या वाचकाने पुस्तक विकत घेतल्याची खूण पाठवावी असे ठरले. पुठ्ठा बांधणीच्या प्रतीतले १६३ वे पान फाडून पाठवायचे आणि खोटेपणा ठाऊक असता तर हे पुस्तक घेतले नसते, असे शपथेवर लिहून द्यायचे! भरपाईसाठी साडेतेवीस लाख डॉलरची तरतूद होती. पुढे आले अवघे १,७२९ वाचक. बाकीच्यांना पान फाडणे जिवावर आले असेल, किंवा हळहळीची किंमत पुस्तकाच्या किमतीएवढी नसते हे त्यांना उमगले असेल.

मुळात आठवणी खऱ्याच असाव्यात हा करार केव्हा झाला? युरोपात त्याची सुरुवात बहुधा रूसोपासून सांगतात, कारण आपण स्वतःला जसे आहोत तसे उघडे करून दाखवू, असे या विचारवंताने अठराव्या शतकात आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्राच्या पहिल्याच पानावर बजावले. पुढे १९७५ मध्ये फिलिप लेजन या फ्रेंच अभ्यासकाने या गोष्टीला ‘आत्मचरित्रात्मक करार’ असे नावच दिले : मुखपृष्ठावरचे नाव, निवेदक आणि नायक एकच आहेत, एवढ्या हमीवर वाचक विश्वास टाकतो. आपल्याकडची वाट जुनी आणि निराळी आहे. वेरूळजवळच्या देवगावात १६२८ मध्ये जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी आपले आयुष्य अभंगांतून सांगितले, त्यात नवऱ्याची मारहाण आहे, वासराचा लळा आहे, तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह आहे आणि शेवटी मागच्या जन्मांची हकिकतही आहे. ती ऐकणाऱ्याने दाखला मागितला नाही, कारण तिथे साक्ष होती ती अनुभवाची, आणि मारहाण व पूर्वजन्म या दोहोंना एकच श्रोता होता.

मराठी वाचकाचा आजचा काटेकोर आग्रह मात्र त्यातून आलेला नाही. तो घडला १९७८ नंतरच्या दहा वर्षांत, दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या पुस्तकांतून. दया पवारांचे ‘बलुतं’ त्या वर्षी आले, पुढच्या वर्षी मराठवाड्यातल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि १९८७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. ‘आत्मचरित्र’ हा थोरामोठ्यांचा शब्द बाजूला सारून ‘आत्मकथन’ हा शब्द रूढ झाला, त्यामागेही कारण होते. गावकुसाबाहेरच्या जगण्याची नोंद ना बखरीत होती ना वर्तमानपत्रात, आणि जिथे सरकारी दप्तरात नोंद होती तिथे ती अख्ख्या जमातीला जन्मतः चोर ठरवणारी होती, म्हणजे कागदच खोटा आणि माणसाचे तोंडच खरे. या पुस्तकांवर त्या वेळी समाजातल्याच काही शिकलेल्यांनी घेतलेला मोठा आक्षेप ‘आपली लक्तरे वेशीवर का टांगता’ असा होता. म्हणजे ते खोटे आहे ही तक्रार नव्हती, खरे आहे आणि सांगितले ही होती. तरीही दया पवारांनी सावधगिरी बाळगली, आणि दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो अशी योजना करून आठवणारा आणि लिहिणारा यांच्यात एक फट मोकळी ठेवली. मला ती फट फार प्रामाणिक वाटते.

अशा साक्षीलाच तोतया भेटला की काय होते, हे १९९५ मध्ये जर्मन भाषेत आलेल्या एका पुस्तकाने दाखवले. बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने नाझी छळछावण्यांतल्या बालपणाचे तुटक तुकडे मांडले, त्याला पुरस्कार मिळाले आणि १९९८ मध्ये डॅनिएल गान्झफ्रीड या स्विस लेखक-पत्रकाराने तो मनुष्य स्वित्झर्लंडमध्येच जन्मलेला असल्याचे उघड केले. नंतर नेमलेल्या इतिहासकाराच्या तपासातही तेच निघाले. आईपासून तुटणे, अनाथाश्रम आणि दत्तक जाणे एवढे मात्र खरे होते. खरे दुःख होते, पण ते आपल्या मापाचे वाटले नाही म्हणून त्याने दुसऱ्याचे अंगावर चढवले.

मराठवाड्यात हा प्रश्न वाङ्मयापुरता राहिला नाही. मुक्तिसंग्रामातले अनेक जण हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून भूमिगत काम करत होते आणि त्यांच्या नावावर तुरुंगाचा कागद नव्हता, म्हणून स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनासाठी शिक्षा भोगलेल्या दुसऱ्या सैनिकाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याची सोय झाली. एकाने आठवायचे आणि दुसऱ्याने ‘मी पाहिले आहे’ म्हणून सही करायची! या सोयीचा गैरवापर झाल्याच्या तक्रारींवरून बीड जिल्ह्यातल्या शेकडो निवृत्तिवेतनांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये न्यायालयाने फेरतपासणीसाठी निवृत्त न्यायमूर्ती नेमले. १९४८ नंतर अर्धशतक उलटून गेलेले होते. प्रमाणपत्र देणारे बरेचसे वारले होते, आणि ज्याने खरोखर बंदुका दडवल्या होत्या त्यालाही आता तोच प्रश्न होता : ‘कशावरून?’