लाल मातीवर कुणाला उतरवायचं? डेव्हिस चषकातल्या संघनिवडीची पार्श्वभूमी

डेव्हिस चषक ही टेनिसमधली देशांच्या संघांची स्पर्धा. तिची लढत लाल मातीवर असली की संघ जाहीर होताच एक वाद हमखास पेटतो. क्रमवारीत वर असलेल्याला खेळवायचं, की खालच्या क्रमांकावरच्या पण मातीत मुरलेल्याला? वरवर पाहता हा कर्णधाराच्या मर्जीचा मामला वाटतो. पण त्याचं मूळ स्पर्धेच्या एका जुन्या रिवाजात आहे. कोर्ट कसलं असेल, हे यजमान देश ठरवतो. त्यामुळे निवडकर्ते बसायच्या आधीच अर्धी निवड उरकलेली असते, आणि पाहुण्या संघाचीही अर्धी निवड यजमानांनीच करून टाकलेली असते.

लाल मातीच्या, म्हणजे विटांच्या भुकटीच्या कोर्टवर चेंडूचा वेग मरतो आणि उसळी वाढते. सर्व्हिसवर फुकट मिळणारे गुण आटतात, रॅली लांबते, घसरत जाऊन फटका मारण्याचं तंत्र अंगी मुरलेलं असावं लागतं. 2018पर्यंतच्या स्वरूपात शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी आणि रविवारी परतीच्या दोन एकेरी व्हायच्या, सगळ्या पाच सेटच्या. चौघांच्या संघातून तीन विजय काढायचे, आणि एकच माणूस तिन्ही दिवस खेळला तर त्याच्यावर पंधरा सेटचा भार पडू शकायचा. म्हणून ‘मातीवर सर्वांत चांगला कोण’ हा प्रश्न कर्णधाराला पुरत नाही. रविवारी दुपारी उभं राहायला कोण उरेल, हेही त्याला पाहावं लागतं.

1900 साली ड्वाइट डेव्हिसच्या पुढाकाराने बॉस्टनच्या लाँगवूड क्रिकेट क्लबवर पहिली लढत झाली ती गवतावर. पुढची पंचवीसएक वर्षं चषक अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलेशिया (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा संयुक्त संघ) यांच्यातच फिरला. तिघेही गवतावर वाढलेले. विजेत्याने घरी बसून आव्हानवीराची वाट पाहायची, अशी तेव्हाची पद्धत होती. 1927मध्ये फ्रान्सने फिलाडेल्फियात जाऊन अमेरिकेला हरवलं आणि चषक पहिल्यांदाच मातीच्या मुलखात आला. त्याच्या बचावासाठी पॅरिसमध्ये 1928 साली रोलाँ गॅरोस बांधलं गेलं. आज हे नाव फ्रेंच ओपनशी जोडलं जातं, पण ते मैदान उभं राहिलं डेव्हिस चषकासाठी.

संघनिवडीचं पहिलं मोठं नाट्यही तिथलंच. अमेरिकेचा अव्वल खेळाडू बिल टिल्डनवर अमेरिकन संघटनेने वर्तमानपत्रांत टेनिसवर लेख लिहिल्याबद्दल बंदी घातली. हौशी खेळाडूने खेळातून पैसा मिळवायचा नाही, असा तेव्हा दंडक होता. नवं मैदान भरायचं तर टिल्डन हवाच, म्हणून फ्रेंच अस्वस्थ झाले. अखेर अमेरिकेचे पॅरिसमधले राजदूत मायरन हेरिक यांनी मध्यस्थी केली आणि टिल्डन संघात आला. पस्तिशीच्या त्या गृहस्थाने पहिल्याच सामन्यात रने लाकोस्तला पाच सेटमध्ये, त्याच्याच मातीवर हरवलं! अमेरिका लढत 4-1 अशी हरली, तो भाग वेगळा. परतल्यावर टिल्डनवरची बंदी पुन्हा लागू झाली. प्रतिस्पर्ध्याच्या आग्रहाखातर संघात आलेला खेळाडू म्हणून या प्रकरणाला तोड नाही.

1932मध्ये त्याच कोर्टवर अमेरिकेच्या, वेगवान सर्व्हिसच्या एल्सवर्थ व्हाइन्सला रोखण्यासाठी माती पाण्याने जड केल्याचा आरोप झाला. तेव्हापासून ‘पाणी किती मारलं’ ही मातीवरच्या लढतींची कायमची कुरबूर आहे.

विजेत्याने घरी वाट पाहायची पद्धत 1972मध्ये संपली आणि अमेरिकेला अंतिम लढतीसाठी बुखारेस्टला जावं लागलं. समोर इली नस्तासे आणि इऑन टिरियाक, खाली माती, भोवती रोमानियाचे प्रेक्षक. अमेरिकेचा प्रमुख खेळाडू स्टॅन स्मिथ हा सर्व्हिस-व्हॉलीचा, म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावणारा, त्या वर्षीचा विंबल्डन विजेता. कागदावर तो या कोर्टसाठी चुकीचाच माणूस. त्याने नस्तासेला सरळ सेटमध्ये हरवलं, दुहेरी जिंकली आणि टिरियाकविरुद्ध पाचवा सेट 6-0 असा घेतला.

कोर्ट हे हत्यार म्हणून सर्वांत निष्ठुरपणे वापरलं ते स्वीडनने. थंड हवेच्या त्या देशाने 1984च्या अंतिम लढतीसाठी गोथेनबर्गच्या स्कँडिनेव्हियम या बंदिस्त सभागृहात माती अंथरली. अमेरिकेकडे जॉन मॅकेन्रो आणि जिमी कॉनर्स होते. कर्णधार आर्थर अ‍ॅश यांच्यापाशी मातीवर चांगला खेळणारा जिमी एरियासही होता, पण त्यांनी मोठ्या नावांवर भिस्त ठेवली. त्यांना दोष देणं सोपं आहे. मॅकेन्रोने त्या वर्षी 82 सामने जिंकले आणि अवघे तीन हरले. असा माणूस बाहेर कोण बसवेल? त्या तीन पराभवांतला एक मात्र इथेच झाला, स्वीडनच्या हेन्रिक सुंडस्ट्रॉमकडून. मॅट्स विलँडरने कॉनर्सचा फडशा पाडला आणि दुहेरीत एडबर्ग-यारिड जोडीने मॅकेन्रो-फ्लेमिंगना नमवलं. सुंडस्ट्रॉम पुढे फार मोठा झाला नाही, पण त्या आठवड्यासाठी, त्या कोर्टसाठी तोच योग्य होता. स्वीडनने 4-1ने बाजी मारली.

1987मध्ये हाच फास भारताभोवती पडला. विजय अमृतराज आणि रमेश कृष्णन यांच्या संघाने उपांत्य फेरीत सिडनीच्या गवतावर ऑस्ट्रेलियाला धक्का दिला होता. गोथेनबर्गच्या मातीवर मात्र निकाल 5-0 लागला. पुढच्याच वर्षी त्याच सभागृहात स्वीडनचा डाव उलटला. पश्चिम जर्मनीच्या कार्ल-उवे स्टीबने पहिले दोन सेट गमावूनही तेव्हाच्या अव्वल विलँडरला हरवलं, बोरिस बेकरने एडबर्गला, आणि चषक पश्चिम जर्मनीला गेला.

1995च्या मॉस्कोतल्या अंतिम लढतीने तर ‘मातीचा खेळाडू घ्या’ या सूत्राचीच खिल्ली उडवली. आंद्रे अगासी दुखापतीमुळे नव्हता. अमेरिकेने फ्रेंच ओपन दोनदा जिंकलेला जिम कुरियर आणि ती कधीच न जिंकलेला पीट सॅम्प्रस यांना एकेरीत उतरवलं. कुरियर दोन्ही सामने हरला. सॅम्प्रसने रशियाच्या चेस्नोकोव्हला पाच सेटमध्ये हरवलं आणि पायात गोळे येऊन तिथेच कोसळला. दुसऱ्या दिवशी दुहेरी जिंकली आणि तिसऱ्या दिवशी काफेलनिकोव्हला सरळ सेटमध्ये. तिन्ही विजयांत त्याचाच हात.

निवडीची कसोटी म्हणून माझ्या मते सगळ्यांत अवघड प्रसंग सेव्हिलचा, 2004च्या अंतिम लढतीचा. स्पेनकडे मातीवरच्या खेळाडूंचा तोटा कधीच नव्हता. अडचण व्हायची ती कुणाला वगळायचं याची. हुआन कार्लोस फेरेरो माजी अव्वल, आदल्या वर्षीचा फ्रेंच ओपन विजेता, आणि 2000 साली बार्सिलोनात देशाला पहिला चषक मिळवून देणारा नायक. पण त्याचं ते वर्ष आजारपण आणि दुखापतींत गेलं होतं. कर्णधारांच्या त्रिकुटाने पहिल्या दिवशी त्याच्या जागी अठरा वर्षांचा राफाएल नदाल उतरवला. तो तेव्हा क्रमवारीत पहिल्या 50 मध्येही नव्हता. समोर अमेरिकेचा अँडी रॉडिक आणि भोवती 27 हजारांवर प्रेक्षक. पहिला सेट टायब्रेकरवर गमावून नदाल चार सेटमध्ये जिंकला. आज हा निर्णय उघड वाटतो. त्या शुक्रवारी सकाळी तो तसा नव्हता, कारण नदाल हरला असता तर त्रिकुटाने माजी विजेत्याला बसवल्याचा हिशेब वर्षानुवर्षं मागितला गेला असता. फेरेरोला दुहेरीत घेतलं, तिथे अमेरिकेच्या ब्रायन बंधूंनी त्याला आणि रोब्रेडोला सहज हरवलं. स्पेनच्या कार्लोस मोयाने दोन्ही एकेरी जिंकून लढत संपवली.

उलटं उदाहरण अर्जेंटिनाचं. 2008च्या अंतिम लढतीत पारंपरिक माती सोडून त्यांनी मार दे प्लातात बंदिस्त हार्ड कोर्ट घेतलं. स्पेनला मातीपासून तोडायचं आणि आपल्या डेव्हिड नालबांदियानला वेगवान कोर्ट द्यायचं, असा बेत. नदाल जायबंदी होता, तरीही स्पेनच जिंकला. 2014च्या अंतिम लढतीसाठी फ्रान्सने लीलमध्ये माती अंथरली, कारण स्वित्झर्लंडचा फेडरर लंडनच्या हार्ड कोर्टवरून थेट येणार होता, तोही पाठीच्या दुखण्यासह. फ्रान्सच्या मोंफिसने त्याला पहिल्या दिवशी सहज हरवलं. पण फेडररने वाव्रिंकासोबत दुहेरी जिंकली आणि रविवारी गॅस्केला हरवून चषक नेला. फ्रान्सचा त्सोंगा तोवर हाताच्या दुखापतीने बाहेर होता, म्हणजे योजना अचूक असूनही ती पार पाडायला माणूस उरला नव्हता.

2019पासून अंतिम टप्पा आधीच ठरवलेल्या ठिकाणी, बंदिस्त हार्ड कोर्टवर होतो. माती आता घरच्या मैदानावरच्या आधीच्या फेऱ्यांपुरती उरली आहे, आणि त्या लढती दोन दिवसांच्या, तीन सेटच्या आहेत. पंधरा सेटचा भार गेला, त्याबरोबर दमाने जिंकणाऱ्या खेळाडूचा मोठा फायदाही गेला. आता जोरदार सर्व्हिसवाल्याला मातीवर खेळवणं पूर्वीइतकं धाडसाचं राहिलेलं नाही. दोन सेट त्याची लय टिकली तरी सामना जिंकता येतो.