तोंड कधीपासून उघडत नाही?

नागपुरात कॅन्सरच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यांवर एक प्रश्न हमखास कानावर येतो. "गाठ दिसून राहिली ना जी, मग काढून काऊन नाही टाकत?" विचारणारा भंडाऱ्याचा असेल, गडचिरोलीचा असेल, नाहीतर सीमेपलीकडच्या छिंदवाड्याचा. माझ्या मामांच्या वेळी मीही हेच विचारलं होतं. ऑपरेशन लांबवून आधी किमो सांगितली, तेव्हा आम्हाला वाटलं की डॉक्टरांनी हात टेकले. त्यामागचा हिशेब आम्हाला कुणी उलगडून सांगितला नाही. तो पुढे वाचून, विचारून समजून घेतला. आमच्याकडे कितीतरी घरांवर ही वेळ येते, म्हणून तो इथे मांडतो आहे.

समजा, उमरेडकडचा ५२ वर्षांचा एक शेतकरी आहे. २५ वर्षं खर्रा चालू. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत धरला जातो, आणि आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा त्याच खाचेत उगवतो. यांच्या उजव्या गालात आतून जखम आहे, बायोप्सीत कॅन्सर निघाला आहे. डॉक्टर त्यांना तोंड उघडायला सांगतात. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. यांचं जेमतेम एक जातं.

इथेच खरी अडचण सुरू होते, कारण बंद तोंडाचे दोन अर्थ होतात. सुपारीमुळे गालाचं आतलं अस्तर वर्षानुवर्षं ताठरत जातं आणि तोंड आवळत येतं. हा त्रास मोठा, पण तो गाठीने केलेला नाही. दुसरा अर्थ जास्त वाईट. गाठ मागे सरकून चावण्याच्या स्नायूंत शिरली असेल, तरीही तोंड उघडत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी विचारतात, तोंड कधीपासून उघडत नाही? उत्तर बहुधा बायको देते. "पाणीपुरी तर सात-आठ वर्षांपासून नाही खाल्ली यांनी. पण चमचा आत्ता दोन महिन्यांपासून जाईना." या एका वाक्यात दोन्ही अर्थ आले. जुना ताठरपणा आहेच, आणि त्याच्यावर काहीतरी नवं घडलं आहे.

मग सीटी स्कॅनकडे वळायचं. स्नायूंच्या मधली चरबी सीटीवर काळसर पट्टीसारखी दिसते. पट्टी शाबूत असेल तर गाठ तिच्या अलीकडच्या बाजूलाच थांबली आहे. ती पुसली गेली असेल, तर गाठ तिथवर पोचल्याची शंका घ्यायची. खालच्या जबड्याच्या उभ्या हाडाला वरच्या टोकाशी एक खाच असते. गाठ मागे गेली पण त्या खाचेच्या पातळीखाली असेल, तर जाणता सर्जन तो सगळा भाग एकसंध काढू शकतो. खाचेच्या वर गेली, की कवटीचा तळ जवळ येतो आणि गाठीभोवती निरोगी मांसाची कड मिळेल याची खात्री राहत नाही.

या कडेवर सगळा खेळ असतो. काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, तेव्हा गाठीपासून कापलेल्या काठापर्यंत किमान ५ मिलिमीटर निरोगी ऊती असाव्यात अशी अपेक्षा असते. काठावरच कॅन्सरच्या पेशी निघाल्या, तर अर्धा जबडा गेला, छातीचं किंवा मांडीचं मांस गालाला लावलं, महिनाभर नळीने जेवण झालं, तरी आजार आत उरलेलाच. "काढता येतं का?" याचं उत्तर पुष्कळदा हो असतं. "सगळं काढता येतं का?" याचं उत्तर देताना मात्र सर्जन थांबतो.

अशा केस ट्यूमर बोर्डापुढे जातात. सर्जन, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एका खोलीत बसून तीच फिल्म बघतात. त्यांच्यात मतभेद होतात, आणि व्हायलाच हवेत. बाहेर बसलेल्यांना जो उशीर वाटतो, त्यातला एक दिवस बहुधा या बैठकीचा असतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे, म्हणजे देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यामुळे, अवघड केस ऑनलाइन बोर्डापुढे ठेवून दूरच्या तज्ज्ञांचं मतही घेता येतं.

काही प्रश्नांची उत्तरं चाचण्यांनी पक्की केलेली आहेत. तोंडाची गाठ लहान आहे, मानेत काही लागत नाही, तरी मानेच्या ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात का, हा वाद जुना होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५ च्या अभ्यासाने तो मिटवला. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, मानेत गाठ येईपर्यंत वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. पण आपल्या उमरेडकराचं उत्तर इतकं सरळ मिळत नाही. सध्या ऑपरेशन होणार नाही, अशा ७२१ रुग्णांना टाटामध्ये आधी किमो दिली गेली. त्यातल्या ३१० जणांची, म्हणजे ४३ टक्क्यांची गाठ ऑपरेशन करण्याइतकी आटली. याचा अर्थ सगळ्यांनीच आधी किमो घ्यावी असा मुळीच नाही. गाठ आज पूर्ण निघत असेल, तर आधी ऑपरेशन हाच मार्ग. किमोचा आधार, ज्यांची गाठ निघेल की नाही अशा काठावर आहे, त्यांच्यासाठी.

त्यातही औषध अंगाला झेपलं पाहिजे. सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध किडनीला आणि कानांना इजा करू शकतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात; किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं. जुन्या मधुमेहाने किडनी कमजोर झाली असेल, तर तिथेच औषध बदलू शकतं. अंघोळ स्वतः करता का, दिवसातला किती वेळ पडून असता, हे प्रश्न गप्पांसारखे वाटतात. पण त्यांच्या उत्तरांवरून रुग्ण किती हिंडता-फिरता आहे याचा ० ते ४ असा एक आकडा ठरतो, आणि तो फाइलवर गाठीच्या मापाइतकाच महत्त्वाचा असतो. पुढे रेडिएशन आलं, तर आठवड्याला पाच दिवस, असे सहा आठवडे. ते सुरू व्हायच्या आधी किडलेले दात काढावे लागतात. इतके दिवस नागपुरात राहणार कुठे, सोबत कोण, कापूस वेचणीला आला असेल तर काय? हे बोर्डात विचारलं जावं, असं मला फार वाटतं. रेडिएशन अर्ध्यावर सुटलं, तर कागदावरची उत्तम योजना वाया जाते.

आणि गाठ आटलीच नाही तर? मग उपचाराचा हेतू बदलतो आणि तो रुग्णाला स्पष्ट सांगावा लागतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या घरी घ्यायच्या गोळ्यांवर निम्मे रुग्ण ७.५ महिने किंवा त्याहून जास्त जगले, शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनवर हाच आकडा ६.१ महिने. फरक थोडा आहे, पण ते महिने सलाइनच्या खाटेऐवजी स्वतःच्या अंगणात जातात.

आपल्या शेतकऱ्याच्या फाइलवर बोर्डाने लिहिलं: किमोचे दोन डोस, मग पुन्हा सीटी, पुन्हा बोर्ड. सहा आठवड्यांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली जाईल. रेडिओलॉजिस्ट जबड्याच्या मागे बोट ठेवून चरबीची ती काळी पट्टी परत दिसते का, हे शोधेल. सर्जन खुर्ची पुढे ओढेल. बाहेर बाकड्यावर बायको डब्यातली पातळ खिचडी चमच्यात घेऊन बघेल, चमचा आत जातो का.