घरगुती टीव्ही सिग्नल वितरण : दोषशोध

गच्चीवरच्या एका अँटेनाने किंवा छत्रीने (डिशने) पकडलेला सिग्नल तारेने घरात आणून एका किंवा अनेक टीव्हींना वाटून देण्याची व्यवस्था. अँटेना, तार, जोड, स्प्लिटर (एका तारेचे अनेक फाटे करणारी डबी), कधी बूस्टर (सिग्नल वाढवणारे उपकरण) आणि शेवटी सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही, अशी ही साखळी असते. चित्र बिघडले की संशय आधी टीव्हीवर जातो. बिघाड मात्र बहुतेक वेळा ऊन-पाऊस खाणाऱ्या जोडांत असतो, म्हणून तपास गच्चीवरून सुरू करून तारेच्या वाटेने खाली येणे श्रेयस्कर.

उदाहरणासाठी सातारा घेऊ. शहराला लागून असलेल्या अजिंक्यतारा किल्ल्यावर टीव्ही प्रक्षेपणाचा मनोरा आहे. अॅनालॉग प्रक्षेपणाच्या काळात दोष चित्रावरूनच ओळखता येई. पडद्यावर ‘मुंग्या’ आल्या तर सिग्नल अशक्त. माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसली तर एकच लहर दोन वाटांनी पोचलेली. डोंगरांनी वेढलेल्या गावात हा दुसरा दोष हमखास आढळे. डोंगरकड्यावर आपटून येणारी लहर सरळ लहरीपेक्षा ३०० मीटर जास्त चालली, तर ती १ मायक्रोसेकंद उशिरा पोचते. चित्राची एक रेघ ५२ मायक्रोसेकंदांत रेखली जात असल्याने ४० सेंमी रुंद पडद्यावर सावली पाऊण सेंमी बाजूला पडे. त्यावर बूस्टर निरुपयोगी, कारण तो सावलीही तेवढीच वाढवतो. अँटेना थोडी फिरवून परावर्तित लहरीकडे पाठ करणे हा खरा उपाय. ‘आलं का?’ ‘अजून थोडं डावीकडे!’ असा गच्ची आणि खोलीतला संवाद त्यासाठीच चाले.

दूरदर्शनचे अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद झाल्यावर छत्री हाच मुख्य आधार उरला. डिजिटल चित्रात मुंग्या येत नाहीत. सिग्नल एका मर्यादेपर्यंत घटला तरी चित्र स्वच्छ राहते, आणि मर्यादा ओलांडताच चौकटी पडतात, चित्र गोठते, ‘नो सिग्नल’ येते. त्यामुळे पडद्यावरून अंदाज न बांधता सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतील ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ या दोन पट्ट्या पाहाव्यात. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री बहुधा चुकीच्या उपग्रहाकडे वळलेली आहे.

डीडी फ्री डिशचा (दूरदर्शनच्या मोफत छत्री-सेवेचा) जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५° पूर्व रेखांशावर आहे. साताऱ्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. एवढ्या उंचीमुळे किल्ल्याचा डोंगर आड येत नाही. आड येते ती शेजारची नवी इमारत किंवा वाढलेले झाड. ५ मीटर अंतरावरची भिंत छत्रीपेक्षा साडेआठ मीटर उंच असेल तरच अडथळा होतो, हे मोजून पाहिल्यास शेजाऱ्यांशी होणारे अनेक वाद टळतील. ६० सेंमी व्यासाची छत्री दीड अंश जरी हलली तरी सिग्नल जवळजवळ निम्मा होतो. जोरदार वाऱ्याने सैल झालेला नट किंवा छत्रीला लोंबकळलेले माकड तेवढ्याला पुरते.

सर्वांत चिवट शत्रू पाणी. एलएनबीला (छत्रीसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडून तारेत सोडणाऱ्या भागाला) जोडलेल्या एफ कनेक्टरमधून (तारेच्या टोकावरच्या, फिरवून बसवायच्या जोडातून) ओल शिरते आणि तारेच्या आतल्या धातूच्या जाळीतून झिरपत खाली उतरते. तार सोलल्यावर जाळी काळी किंवा हिरवी दिसली तर नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. लख्ख तांबे दिसेपर्यंत तार कापावी लागते, नाहीतर पूर्ण बदलावी लागते. जोडावर पाणी न शिरणारी रबर टेप गुंडाळावी आणि खिडकीतून आत येण्याआधी तारेला खाली झोळ ठेवावा, म्हणजे थेंब तिथेच गळून जातात. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात, ही काळजी कोरड्या माण-खटावपेक्षा कितीतरी अधिक लागते.

मुसळधार सरीत चित्र जाणे हा बिघाड नव्हे. पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात. सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. आकाश मोकळे होऊनही ते आले नाही, तर जोडात पाणी गेल्याचा संशय धरावा.

एक सिग्नल अनेक टीव्हींना वाटताना होणाऱ्या घटीचा हिशेब डेसिबल या एककात होतो. ३ डेसिबल घट म्हणजे सिग्नल निम्मा. दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर सुमारे साडेतीन, चार फाट्यांचा सुमारे सात डेसिबल खातो. आरजी-६ (छत्रीसाठी सर्रास वापरली जाणारी) तार उपग्रह सिग्नलच्या वरच्या वारंवारतांवर २० मीटरला साधारण ६ डेसिबल खाते. बूस्टर लावायचाच तर अँटेनाजवळ लावावा. टीव्हीमागे लावलेला बूस्टर तारेत क्षीण झालेल्या सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो, आणि सिग्नल मुळात जोरदार असेल तर जादा बूस्टरनेच चित्र फुटते.

छत्रीच्या बाबतीत वाटणीचा आणखी एक पेच आहे. सेट-टॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट देऊन एलएनबीला उभे की आडवे ध्रुवण (लहरीच्या कंपनाची दिशा) निवडायला सांगतो. ज्या सेवेच्या वाहिन्या दोन्ही ध्रुवणांवर आहेत, तिथे साध्या स्प्लिटरवर दोन बॉक्स लावले तर एकाच्या निवडीमुळे दुसऱ्याच्या काही वाहिन्या गायब होतात. दोन टीव्हींसाठी दोन स्वतंत्र मुखांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र तारा घ्याव्यात.

दोष नेमका कुठे हे कळण्यासाठी बॉक्स आणि छोटा टीव्ही गच्चीवर नेऊन आखूड, खात्रीच्या तारेने थेट एलएनबीला जोडावा. तिथे चित्र ठीक असेल तर छत्री निर्दोष. मग मधल्या जोडावर तपासावे, आणि दर वेळी उरलेली लांबी निम्मी करत जावे.

मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, स्वच्छ आकाशातही चित्र काही मिनिटे जाते. त्या वेळी सूर्य थेट उपग्रहामागे येतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट छत्रीत शिरतो. अशा वेळी छत्रीला हात लावू नये. नीट बसलेली दिशा विनाकारण बिघडते.