रक्तदाब मापनाचे प्रशिक्षण

डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि आरोग्यसेवक यांना रक्तदाब अचूक मोजायला शिकवणे आणि ते कौशल्य टिकून आहे की नाही हे वेळोवेळी तपासणे. मोजणी सोपी दिसते. म्हणूनच ती एकदा दाखवली की आली, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेत १५९ वैद्यकीय विद्यार्थ्यांची रक्तदाब मोजण्याची चाचणी घेतली गेली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरवून दिलेल्या अकराही गोष्टी बिनचूक करणारा विद्यार्थी एकच निघाला.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे पाऱ्याचे उपकरण इटलीतील शिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये मांडले. त्यांच्या रीतीत बोटांनी नाडी चाचपत, म्हणून फक्त वरचा दाब कळे. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ मध्ये धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून खालचा दाबही ओळखता येतो हे दाखवले. मोजणीत कान आला, आणि कानाच्या चुकाही आल्या.

शिकवण्याचा मोठा भाग उपकरणाला हात लावण्याआधीचा असतो. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, लघवी तुंबलेली नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी वा धूम्रपान नको. मोजताना कोणी बोलू नये, मोजणाऱ्यानेही नाही. हा नियम सहज मोडला जातो, कारण रुग्णाची विचारपूस करणे हा चांगुलपणा वाटतो. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा: तो १० सेंटिमीटर खाली असला, तर आकडा सुमारे ८ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. पट्ट्यातील फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी लागते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब उगाच जास्त दिसतो, आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होऊ शकते.

कानाने मोजताना आधी नाडी चाचपून वरच्या दाबाचा अंदाज घेतात आणि पट्टा त्याहून २० ते ३० मिलिमीटर अधिक फुगवतात. काही रुग्णांत आवाज मध्येच लुप्त होऊन पुन्हा सुरू होतो. अंदाज न घेणारा त्या पोकळीत फसतो. हवा सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर या गतीने सोडायची. पहिला ठोका हा वरचा दाब, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. दोन जोड्या कर्णनळ्यांच्या स्टेथोस्कोपवर शिक्षक आणि शिकाऊ एकाच वेळी ऐकून आपापले आकडे स्वतंत्रपणे लिहितात. फरक लगेच उघड होतो. १२०, १३०, १४० असे शून्यावर संपणारे आकडे लिहिण्याची खोडही नोंदवही चाळली की सापडते.

स्वयंचलित यंत्रांनी कानाचे काम काढून घेतले, पण पट्टा, बसण्याची रीत आणि विश्रांती माणसाच्याच हाती राहिली. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा दाब घेणे, एका मिनिटाच्या अंतराने पुन्हा मोजणे, हेही यंत्र आपणहून करत नाही. शिवाय हृदयाची लय अनियमित असेल तर यंत्राचा आकडा भरवशाचा नसतो. तेव्हा स्टेथोस्कोप पुन्हा बाहेर काढावा लागतो.