कामांची यादी आणि कामांची आखणी, दोन्ही वहीतच असतात पण एक नाहीत

यादी केली म्हणजे प्लॅनिंग झालं असं खूप जण धरून चालतात, मी पण बरीच वर्षं तसंच समजत होते. दोन्ही त्याच वहीत लिहितो, दोन्हीत कामंच असतात, मग गोंधळ होणारच. फरक कळतो तो एकदम पाच-सहा कामं अंगावर येतात तेव्हा. मी अकाउंट्सचं काम करते त्यामुळे तिथलंच सांगते.

आमच्या तारखा बघा. 7 ला टीडीएसचं चलन (दुसऱ्यांना पैसे देताना कापलेला टॅक्स भरायचा), 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 15 ला पीएफ, 20 ला जीएसटीआर-3बी (महिन्याच्या जीएसटीचा हिशोब आणि भरणा, आम्ही नुसतं 3बी म्हणतो). (तिमाही रिटर्नवाल्या छोट्या पार्ट्यांचं, म्हणजे ज्यांचे हिशोब आम्ही बघतो त्यांचं, गणित वेगळं, ते आत्ता सोडा.) 1 तारखेला हे सगळं एकाखाली एक लिहिलं, पुढे पार्टीचं नाव टाकलं, की झाली यादी. त्यात चूक काही नाही, एकही काम सुटत नाही. पण 20 तारखेचं काम 1 तारखेपासून डोळ्यांसमोर राहतं, टीडीएसचे आकडे लावताना मन तिकडे पळतं, मग हे थोडं करा ते थोडं उघडून बघा असं करत दिवस जातो आणि संध्याकाळी एकही काम पूर्ण झालेलं नसतं.

आता तेच 3बी आखणीत कसं दिसतं बघा. आपल्या सप्लायरनी जी बिलं त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवली त्यावरून जीएसटीआर-2बी नावाचं स्टेटमेंट तयार होतं आणि ते जीएसटी पोर्टलवर येतं 14 तारखेला. त्याच्याशी आपली खरेदी मॅच केल्याशिवाय क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घ्यायचं नसतं. म्हणजे 14 च्या आधी 3बीची काळजी करून हाती काहीच लागत नाही, पण खरेदीची बिलं मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच मागवावी लागतात कारण ती आली आणि टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढली तरच 14 नंतर मॅचिंगला बसता येतं. म्हणून यादीतल्या त्या एका ओळीचं असं होतं: 2 ला बिलांसाठी मेसेज, 8 पर्यंत नाही आली तर फोन, 13 पर्यंत एन्ट्री, 15-16 ला मॅचिंग, 17 ला मालकांना टॅक्सचा आकडा, 18 ला चलन आणि फायलिंग. आज 5 तारीख असेल तर आज 3बीचं माझ्याकडे काहीच काम नाही, आणि हे कागदावर दिसलं की खरंच मोकळं वाटतं.

आखणीत आणखी एक गोष्ट येते जी यादीत कधीच येत नाही, ती म्हणजे दुसऱ्या माणसाची वेळ. एकदा रिटर्न पूर्ण तयार, 20 तारखेची संध्याकाळ, आणि ओटीपी जातो मालकांच्या मोबाईलवर, ते घरच्या लग्नाला गावी गेलेले, रेंज नाही. माझ्या वहीत फक्त ‘3बी भरणे’ लिहिलेलं होतं. लेट फी दिवसाला 50 रुपये, रक्कम मोठी नाही पण त्या माणसाचा काही दोष नसताना त्याला भुर्दंड बसला याचं मला खूप वाईट वाटलं. तेव्हापासून 17 ला आकडा कळवतानाच विचारते, 18 ला दुपारी फोन जवळ असेल ना?

यावर अभ्यासही झालेत. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्यावर गेलं की थोडं लक्ष मागच्या कामातच अडकून राहतं. आणि मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांचा 2011 चा अभ्यास मला सगळ्यात कामाचा वाटतो. अर्धवट काम मनात लुडबुडत राहतं हे खरं, पण ते कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं की काम झालेलं नसतानाही ती लुडबूड कमी होते. नुसतं लिहून काढणं आणि ठरवणं यातला फरक तो हाच.

मधेच उठावं लागतं तेव्हाही हेच लागू पडतं. फोन आला, दुसऱ्या पार्टीचं अर्जंट निघालं, तर उठण्याआधी चिठ्ठीवर लिहिते, ‘बिल 147 पर्यंत झालं, 148 चा जीएसटी नंबर चुकलाय, विचारायचं’. अर्धं मिनिट जातं. पण परत आल्यावर कुठे होते ते शोधण्यात जी दहा मिनिटं जायची ती वाचतात, आणि फोनवर बोलताना डोकं 148 मध्ये नसतं.

यादीला मी कमी लेखत नाहीये हां. किराणा आणायचाय, चार फोन करायचेत, कुठलंही आधी केलं तरी चालतं, तिथे यादीच बरी. आखणीची सुरुवात पण यादीनेच होते, आधी डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं आणि मग एकेक काम धरून विचारायचं की हे कोणावर अडलंय, कधी हातात येणार, आणि वेळेत नाही आलं तर मी काय करणार. तिसरा प्रश्न बरेच जण सोडतात. बिलं 8 पर्यंत आली नाहीत तर फोन, हे 2 तारखेलाच ठरलेलं असेल तर 8 ला विचार करत बसावं लागत नाही, फोन लावायचा आणि पुढच्या कामाला लागायचं.

आणि सगळे दिवस भरून टाकू नका. शेवटच्या दिवशी पोर्टल स्लो असतं, कोणीतरी राहिलेलं एक बिल घेऊन येतंच, म्हणून माझ्या वहीत 19 आणि 20 समोर काहीच लिहिलेलं नसतं.