कोरोनाच्या काळातली शस्त्रक्रिया आणि कोरोना झालेल्याची शस्त्रक्रिया

मे २०२० च्या अखेरीस ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेले ११२८ रुग्ण त्यात होते आणि त्यांतले २३.८ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले. म्हणजे जवळपास चारांतला एक. त्याआधी काही आठवडे, २३ मार्च ते ३० एप्रिलदरम्यान, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कॅन्सरच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही.

दोन्ही आकडे खरे आहेत. फरक आहे तो मोजणीत कोणाला घेतलं, याचा.

लॅन्सेटच्या अभ्यासात फक्त बाधित रुग्ण होते: शस्त्रक्रियेच्या सात दिवस आधीपासून तीस दिवसांनंतरपर्यंत ज्यांना कोरोना असल्याचं आढळलं, तेवढेच. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना फुप्फुसाची गुंतागुंत झाली. ते समजण्यासारखं आहे. भूल आणि कृत्रिम श्वासाचा ताण फुप्फुसांवर येतो, मोठ्या शस्त्रक्रियेने शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते, आणि नेमका त्याच वेळी विषाणू तिथे ठाण मांडून असतो. पण या काळात शस्त्रक्रिया झालेल्या सगळ्यांपैकी किती जणांना संसर्ग झाला, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नव्हता.

टाटाच्या यादीत शस्त्रक्रिया झालेला प्रत्येक जण होता, बाधित असो वा नसो. चाचण्यांची तेव्हा टंचाई होती. ४९४ पैकी ३७७ जणांची आधी चाचणीही झालेली नव्हती. ८५ टक्क्यांहून अधिक शस्त्रक्रिया अवघड प्रकारच्या होत्या, तरी गंभीर गुंतागुंत ५.६ टक्के रुग्णांतच झाली. नंतर सहा जण पॉझिटिव्ह निघाले. त्यांपैकी कोणालाही अतिदक्षता उपचार लागले नाहीत. मात्र या ४९४ रुग्णांचं मध्यक वय (निम्मे ज्याच्या खाली, निम्मे वर) ४८ होतं आणि त्यांतले ६८ टक्के कॅन्सर सोडला तर एरवी धडधाकट होते. शिवाय टाटात रोज कॅन्सरच्याच शस्त्रक्रिया होतात. म्हणून तिथला शून्य कुठल्याही रुग्णालयाला जसाच्या तसा लावणं मला योग्य वाटत नाही.

तरीही लोकांच्या मनात बसला तो पहिलाच आकडा, आणि तो सरसकट सगळ्या शस्त्रक्रियांना चिकटला. याचं मला फार वाईट वाटतं, कारण थांबण्याची किंमतही जिवानेच मोजावी लागते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या २०२० च्या आढाव्यानुसार, कॅन्सरची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. आणि आपल्याकडे काय झालं? नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांत मार्च ते मे २०२० मध्ये मोठ्या शस्त्रक्रिया आदल्या वर्षाच्या तुलनेत ४९ टक्क्यांनी घटल्या, तर नवे रुग्ण ५४ टक्क्यांनी. सगळेच भीतीने थांबले असं नाही. गाड्या बंद होत्या. गावाहून परळला पोचायचं कसं, हाच अनेकांपुढचा पहिला प्रश्न होता.

संसर्ग रुग्णापर्यंत पोचू न देणं रुग्णालयाच्या हातात बरंच असतं. ५५ देशांतल्या ९१७१ कॅन्सर रुग्णांच्या अभ्यासात, जिथे शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड कोरोना रुग्णांपासून वेगळे ठेवले होते तिथे फुप्फुसाची गुंतागुंत २.२ टक्के होती. जिथे तशी सोय नव्हती तिथे ४.९ टक्के.

कोरोना होऊन गेलेल्या रुग्णाचं काय? ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली माहिती लस येण्यापूर्वीची आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. संसर्ग न झालेल्यांत तीस दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १.५ टक्के होतं. संसर्गाचं निदान झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ४.१, पाच-सहा आठवड्यांनीही ३.६, आणि सात आठवडे उलटल्यावर पुन्हा १.५. पण सात आठवड्यांनंतरही लक्षणं रेंगाळत असतील, तर ६ टक्के. कॅन्सरच्या रुग्णाला सात आठवडे थांबवायचं की नाही, हे गाठ किती वेगाने वाढते आहे आणि मधल्या काळात केमोथेरपी देता येते का, हे पाहूनच डॉक्टर ठरवतात.