‘बत्तीस बोर’ची पार्श्वभूमी : एक आकडा, दोन काडतुसं

जळगाव-धुळ्याकडे परवानाधारकांत छोट्या पिस्तुलाची गोष्ट निघाली की हल्ली पहिलं नाव 9 मिमीचं येतं. 1995च्या सुमारास आलेलं ग्लॉक 26 आणि 2018चं सिग पी365 ही छोटी विलायती 9 मिमी पिस्तुलं पोरांनी मोबाइलवर पाहिलेली असतात. घरातल्या परवान्यावर मात्र ‘0.32 बोर’, म्हणजेच ‘बत्तीस बोर’ असतं. छोट्या पिस्तुलांची तुलना जगभर धक्का, वजन आणि गोळीचा जोर यांवर होते. आपल्याकडे ती तिथवर पोचतच नाही, कारण निवड आधीच एका नियमाने करून ठेवली आहे. (सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांचा विषय वेगळा, तो इथे नाही.)

भिल्लांची इंग्रजांशी झालेली आंबापाणीची लढाई 1858ची, हत्यारबंदीचा कायदा 1878चा. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागू लागला तो त्याच काळापासून. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 साली झाला आणि 1962च्या नियमांनी सामान्य परवान्यावर काय चालतं आणि काय नाही याची आजची रेघ ओढली.

ती रेघ नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक जण ती चुकीची सांगतात. ‘9 मिमी जास्त घातक म्हणून बंदी’ हे खरं नाही. नियमांनी प्रतिबंधित ठरवली ती फौजेचं काडतूस ज्यात बसतं आणि उडतं अशी शस्त्रं. .380 व .455ची काठवाली (बुडाची कडा बाहेर आलेली) काडतुसं आणि फौजी 9 मिमी चालवणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर त्यात आली. .45 एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाचं नाव त्या यादीत नाही, आणि त्याच्या गोळीचा जोर 9 मिमीच्या बरोबरीचा, सुमारे 480 ज्यूल. म्हणजे मोजमाप ताकदीचं नव्हतंच. सरकारी कोठारातून काडतूस बाहेर गेलं तरी खासगी हत्यारात ते चालू नये, हा त्यामागचा तर्क. वरणगावच्या आयुधनिर्माणीत 1960च्या दशकापासून रायफलीची काडतुसं बनतात, शेजारी भुसावळला आणखी एक आयुधनिर्माणी आहे. त्या परिसरातल्या माणसाला हा तर्क समजावून सांगावा लागत नाही. मला मात्र वाटतं, चोरी रोखण्यासाठी आखलेली रेघ स्वसंरक्षणाचं हत्यार कोणतं असावं हेही ठरवून गेली, आणि त्या दुसऱ्या प्रश्नावर कधी मोकळेपणी बोलणं झालंच नाही.

1980च्या दशकात खासगी आयात बंद झाली. जुन्या विलायती .32 पिस्तुलांचे भाव लाखांत गेले आणि सामान्य परवानाधारकासाठी उरली ती देशी बनावटीची .32 रिव्हॉल्व्हर आणि नंतरचं .32 पिस्तूल. 2014 साली कानपूरहून बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आलं. वजन जेमतेम अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, काडतूस पुन्हा .32च. एवढे पैसे कोणती बाई मोजणार, हा तेव्हाचा सवाल अगदी रास्त होता. पुढे .22चं ‘निडर’ आलं, अडीचशे ग्रॅमचं. हलकं खरं, पण गोळी आणखी लहान.

आता ‘बोर’ या शब्दाकडे. बारा बोरमधला बारा म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा. आकडा वाढला की नळी बारीक. बत्तीस बोरमधला बत्तीस म्हणजे इंचाचे शंभरातले बत्तीस भाग. दोन्हीकडे शब्द एकच, म्हणून ‘बारापेक्षा बत्तीस मोठं’ असं मानणारे अजून भेटतात. त्यातही .32 हे माप नेमकं नाही. गोळीचा खरा व्यास .312 इंचाच्या आसपास, आणि मेट्रिक नाव 7.65.

खरी अडचण पुढे आहे. .32 रिव्हॉल्व्हरचं काडतूस 1896चं, .32 पिस्तुलाचं 1899चं, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी वापरण्याजोगी नाहीत. चोपडा तालुक्यातल्या आमच्या नानांकडे पिस्तूल आहे. एकदा दुकानातून आणलेलं पाकीट घरी उघडलं तर काडतुसं मॅगझिनमध्ये उतरेनात. त्यांनी जुनं एक शेजारी उभं करून दाखवलं. पिस्तुलाचं 25 मिलिमीटर, बुडाची कडा जवळपास अंगाबरोबर. नवं 32 मिलिमीटरचं, बुडाला चांगली बाहेर आलेली कडा. दुकानदाराने रिव्हॉल्व्हरची दिली होती. परवान्यावर ‘0.32’ची नोंद झालेली, म्हणजे कागदावर सगळं बरोबर. ती परत देऊन नोंद दुरुस्त करायला नानांचे दोन हेलपाटे झाले.

जोराच्या हिशेबात या दोघांत फार अंतर नाही, दोन्ही दीडशे-पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास. .380 एसीपी (वरच्या यादीतल्या काठवाल्या .380हून वेगळं) अडीचशेच्या पुढे, 9 मिमी त्याच्या जवळजवळ दुप्पट. नळी छोटी झाली की सगळेच आकडे उतरतात. 9 मिमीचा झटका हलक्या पिस्तुलात मनगटाला जाणवतो, आणि हात बसलेला नसेल तर दुसरी गोळी नेमकी जात नाही. .32चा खरा गुण इथे आहे, तो कमी लेखू नये. अमेरिकेत एफबीआय या तपास यंत्रणेची 1986 साली मायामीत दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यानंतर मोठ्या काडतुसाची ओढ लागली, 1990 साली .40चं काडतूस आलं, आणि 2015च्या सुमारास तीच यंत्रणा सुधारलेल्या गोळ्यांच्या भरवशावर 9 मिमीवर परतली. तो सगळा वाद आपल्या परवानाधारकाने लांबूनच पाहिला.

2016च्या नियमांनी जुनी वर्गवारी मोठ्या अंशी पुढे चालवली. 2019च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. आमच्याकडे बऱ्याच घरांत आजोबांची बारा बोर असतेच, म्हणून उरतं एक. ते रिव्हॉल्व्हर घ्यायचं की पिस्तूल, हे अर्जाच्या आधी ठरवावं लागतं, आणि काडतूस कोणतं तेही त्याच वेळी ठरून जातं.